होम सर्व्हर: व्हर्च्युअल मशीन यादीतून गायब, डिस्क मात्र जागेवर दिसते. परत कसं आणायचं?

कर्वेनगर_११
गुरुवार, रात्री ९:१०

मिनी पीसी, १६ जीबी रॅम, प्रॉक्समॉक्स ८ (एका संगणकावर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली). त्यावर एक व्हर्च्युअल मशीन (१०१, उबुंटू, त्यात फोटो साठवणारं इमिच, घरातले सगळे फोटो) आणि दोन कंटेनर (हलकी आभासी मशीनं, १०२ आणि १०३).

घटनाक्रम असा. दोन आठवड्यांपूर्वी होस्टनेम (मशीनचं नाव) 'सर्व्हर१' बदलून 'वाडा' केलं. ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरमधल्या होस्टनेम आणि होस्ट्स या दोन्ही फाइलींत बदललं, पण रीबूट केलं नाही. आज गुरुवारच्या शटडाऊनमध्ये (विजेच्या ठरलेल्या बंदमध्ये) वीज गेली, दुपारी आली. मशीन चालू झालं तर डावीकडच्या यादीत 'वाडा' नोड (म्हणजे हाच मिनी पीसी) रिकामा आणि खाली 'सर्व्हर१' नावाचा राखाडी नोड, सगळं त्याच्याखाली. शोधल्यावर एके ठिकाणी सापडलं की जुन्या नोडच्या एलएक्ससी (कंटेनरच्या) फोल्डरमधल्या फाइली नव्या नोडमध्ये हलवायच्या. हलवल्या, दोन्ही कंटेनर सुरू झाले. मग तो राखाडी नोड दिसू नये म्हणून जुन्या नोडचं फोल्डर आरएम -आर या पुसण्याच्या आदेशाने काढून टाकलं.

आता १०१ कुठेच नाही. स्टोरेजमध्ये मात्र १०१ च्या डिस्क दिसतात. याच क्रमांकाचं नवीन मशीन बनवून त्याला डिस्क जोडू का?

---

पर्वती_पायथा
गुरुवार, रात्री ९:२५

नका बनवू. आज रात्री चार गोष्टी अजिबात करू नका: १०१ क्रमांकाचं नवीन मशीन, बॅकअपमधून १०१ वर रीस्टोअर, रीबूट आणि पीव्हीई-क्लस्टर ही सेवा रीस्टार्ट. प्रत्येकाचं कारण खाली आहे.

आधी काय झालं ते. मशीनचा डेटा आणि मशीनची व्याख्या या दोन गोष्टी प्रॉक्समॉक्समध्ये वेगळ्या ठिकाणी राहतात. डेटा एलव्हीएमच्या (लिनक्सच्या डिस्क-विभागणीच्या) व्हॉल्यूममध्ये. व्याख्या, म्हणजे रॅम किती, कोणती डिस्क कुठे जोडली, नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता कोणता, हे सगळं १०१.कॉन्फ या पंधरा-वीस ओळींच्या फाइलमध्ये. ती फाइल /ईटीसी/पीव्हीई/नोड्स/<होस्टनेम>/क्यूईएमयू-सर्व्हर/ इथे असते. होस्टनेम बदललं की प्रॉक्समॉक्स नव्या नावाचं फोल्डर बनवतं, जुन्यातलं आपणहून हलवत नाही. कंटेनरच्या फाइली एलएक्ससी फोल्डरमध्ये असतात, त्या तुम्ही हलवल्या. व्हर्च्युअल मशीनची फाइल शेजारच्या क्यूईएमयू-सर्व्हर फोल्डरमध्ये राहिली आणि जुन्या नोडसोबत गेली. तुमची एक ओळ कमी पडली, एवढंच.

/ईटीसी/पीव्हीई हे साधं फोल्डर नाही. /व्हार/लिब/पीव्हीई-क्लस्टर/कॉन्फिग.डीबी या एसक्यूलाइट डेटाबेसच्या फाइलमधून ते मेमरीत उभं केलेलं असतं. त्यामुळे तिथली उडवलेली फाइल डिस्क-रिकव्हरीच्या नेहमीच्या साधनांनी मिळणार नाही. पण त्या फाइलशेजारी कॉन्फिग.डीबी-वॉल (ताज्या बदलांची नोंद) असते, तिच्यात जुनी पानं काही काळ राहतात. सेवा बंद झाली की एसक्यूलाइट ती मुख्य फाइलमध्ये रिचवतं आणि वॉल काढून टाकतं. म्हणून रीबूट नको म्हटलं. आत्ताच डीबी, डीबी-वॉल, डीबी-एसएचएम या तिन्ही फाइली /रूट मध्ये कॉपी करून ठेवा.

मग यांचं आउटपुट टाका. आदेश इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत:

एलव्हीएस -ए
कॅट /ईटीसी/पीव्हीई/स्टोरेज.सीएफजी
एलएस -एल /व्हार/लिब/व्हीझेड/डम्प
कॅट /व्हार/लॉग/व्हीझेडडम्प/क्यूईएमयू-१०१.लॉग

---

कर्वेनगर_११
गुरुवार, रात्री ९:५०

तिन्ही फाइली कॉपी केल्या.

एलव्हीएस, महत्त्वाच्या ओळी:
पीव्हीई गटात डेटा पूल, भरलेला ४१ टक्के, मेटाडेटा ३ टक्के. त्यात व्हीएम-१०१-डिस्क-० ४ एमबी, व्हीएम-१०१-डिस्क-१ ३२ जीबी, व्हीएम-१०२-डिस्क-० ८ जीबी, व्हीएम-१०३-डिस्क-० १६ जीबी.
फोटो गटात (दुसरी एसएसडी) पूल ९०० जीबी. त्यात व्हीएम-१०१-डिस्क-० ६०० जीबी, भरलेली ६३ टक्के.

डम्पमध्ये १०१ चा एकच बॅकअप, तीन आठवड्यांपूर्वीचा, व्हीएमए.झेडएसटी.

लॉगमध्ये: इन्क्लूड डिस्क 'स्कझी०' 'लोकल-एलव्हीएम:व्हीएम-१०१-डिस्क-१' ३२जी. एक्सक्लूड डिस्क 'स्कझी१' 'फोटो:व्हीएम-१०१-डिस्क-०' (बॅकअप=नो). इन्क्लूड डिस्क 'ईएफआयडिस्क०' 'लोकल-एलव्हीएम:व्हीएम-१०१-डिस्क-०'.

---

औंध_रॅक
गुरुवार, रात्री १०:०५

बॅकअप आहे तर प्रश्न मिटला. सरळ रीस्टोअर करा, दहा मिनिटांचं काम.

---

पर्वती_पायथा
गुरुवार, रात्री १०:२०

@औंध_रॅक, इथे ते चालणार नाही. लॉग नीट पाहा. फोटोंची डिस्क बॅकअपमध्ये नाही, तिला बॅकअप=नो लावलेलं आहे. आणि इमिचचा पोस्टग्रेस डेटाबेस ३२ जीबीच्या रूट डिस्कवर आहे, मूळ फोटो ६०० जीबीवर. रूट डिस्क तीन आठवडे मागे नेली तर त्यानंतर चढवलेले फोटो डिस्कवर असतील, पण डेटाबेसला त्यांचा पत्ता नसेल. अल्बम, चेहऱ्यांची नावं, शेअर केलेले दुवे, तीन आठवड्यांचं सगळं जाईल. आणि इथे रूट डिस्क मुळात सुस्थितीत आहे! हरवलीय ती फक्त २० ओळींची फाइल. तेवढीच आणायची.

बॅकअपच्या आत ती फाइल असते. संपूर्ण रीस्टोअर न करता ती एकटी बाहेर काढता येते:

पीव्हीईएसएम एक्स्ट्रॅक्टकॉन्फिग लोकल:बॅकअप/<फाइलचं पूर्ण नाव> > /रूट/१०१.कॉन्फ

वेबवर हेच बॅकअपच्या यादीत 'शो कॉन्फिगरेशन' बटणाने दिसतं.

पण त्याआधी डिस्क सुरक्षित करा. थिन पूल (लागेल तेवढीच जागा वापरणारा साठा) असल्यामुळे स्नॅपशॉटला (डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीला) जागा जवळजवळ लागत नाही:

एलव्हीक्रिएट -एस -एन राखीव१०१_रूट पीव्हीई/व्हीएम-१०१-डिस्क-१
एलव्हीक्रिएट -एस -एन राखीव१०१_ईएफआय पीव्हीई/व्हीएम-१०१-डिस्क-०
एलव्हीक्रिएट -एस -एन राखीव१०१_फोटो फोटो/व्हीएम-१०१-डिस्क-०

आकाराचा पर्याय (मोठा एल) देऊ नका. दिला तर थिनऐवजी जुन्या पद्धतीचा जाड स्नॅपशॉट बनतो, जागा खातो आणि भरला की निकामी होतो.

नावं मुद्दाम 'व्हीएम-१०१' ने सुरू केलेली नाहीत. प्रॉक्समॉक्स व्हॉल्यूमच्या नावावरून मालक ठरवतं. उद्या १०१ क्रमांकाचं एखादं मशीन 'रिमूव्ह' केलं आणि 'या पाहुण्याच्या मालकीच्या, कुठेही न जोडलेल्या डिस्कही नष्ट करा' या अर्थाच्या पर्यायावर खूण असेल, तर व्हीएम-१०१ ने सुरू होणारं सगळं जाईल. पहिली मनाई याचसाठी होती. लोक नवीन रिकामं १०१ बनवतात, रीस्कॅन करतात, डिस्क 'अनयूज्ड' म्हणून त्याला चिकटते, काहीतरी चुकलं म्हणून ते मशीन काढून टाकतात आणि खरी डिस्कही त्याच्यासोबत जाते. थिन पूलमधून गेलेला व्हॉल्यूम परत मिळवणं घरगुती साधनांनी जवळपास अशक्य. ईटीसीमधल्या एलव्हीएम/आर्काइव्ह मधून गटाची रचना परत येते, पण कोणता ब्लॉक कुठे आहे हा नकाशा पूलच्या स्वतःच्या मेटाडेटात असतो आणि तो तिथून पुसला गेलेला असतो.

आणखी एक: दोन्ही गटांत 'व्हीएम-१०१-डिस्क-०' आहे. प्रत्येक स्टोरेज आपले आकडे शून्यापासून मोजतं, म्हणून. एक ४ एमबीची ईएफआय डिस्क (बूटच्या सेटिंग्जची), दुसरी ६०० जीबीची फोटोंची. आदेश देताना गटाचं नाव दरवेळी पाहून लिहा.

---

तपकीर_गल्ली
गुरुवार, रात्री १०:४०

वरचं सगळं बरोबर. ज्यांच्याकडे बॅकअपच नाही अशांसाठी इथेच लिहून ठेवतो, हा धागा पुढे कोणाला तरी लागेल.

मशीन अजून चालू असेल आणि फक्त कॉन्फ गेली असेल, तर ते बंद करू नका. चालू केव्हीएम (मशीन चालवणाऱ्या) प्रक्रियेच्या आदेशओळीत सगळी व्याख्या असते: डिस्कचे मार्ग, मॅक, यूयूआयडी, रॅम, मशीनचा प्रकार. /प्रॉक/<पीआयडी>/सीएमडीलाइन कॉपी करा. ओळ खूप लांब असते आणि शब्दांमध्ये शून्य बाइट असतात, म्हणून टीआर ने त्यांच्या नव्या ओळी करून वाचा.

मशीन बंद असेल तर कॉपी केलेल्या डीबी आणि वॉल फाइलींवर:

ग्रेप -ए -सी १५ 'व्हीएम-१०१-डिस्क' <फाइल>

आदेशातला सी मोठा. नशीब असेल तर अख्खी कॉन्फ दिसते. हमी नाही, कारण वॉल ठरावीक आकारानंतर पुन्हा पहिल्यापासून लिहिली जाते.

तेही नाही मिळालं तर डिस्कलाच विचारायचं. स्नॅपशॉट सक्रिय करायला एलव्हीचेंज -एवाय -के (मोठा के) लागतो, नुसत्या -एवाय ने होत नाही, कारण थिन स्नॅपशॉटला सक्रिय न होण्याची खूण आपोआप लागते. मग लूसेटअप -एफपी (मोठा पी) --रीड-ओन्ली ने जोडा आणि एफडिस्क -एल ने विभाग पाहा. ईएफआय सिस्टिम विभाग दिसला आणि शेजारी ४ एमबीची वेगळी डिस्कही असेल, तर मशीनच्या बायॉस या पर्यायात ओव्हीएमएफ (यूईएफआय बूट) हवं. सीबायॉस (जुन्या प्रकारचं बूट) ठेवलं तर 'नो बूटेबल डिव्हाइस' येतं आणि लोकांना वाटतं डिस्क खराब झाली.

फाइलसिस्टिम ईएक्सटी४ असेल तर आरओ,नोलोड या पर्यायांनी माउंट करा. वीज जाऊन बंद पडलेल्या फाइलसिस्टिमचं जर्नल बाकी असतं, नुसतं आरओ दिलं तरी कर्नल ते लिहायला जातो आणि रीड-ओन्ली लूपवर माउंट अडतं. आत गेल्यावर ईटीसीमधलं नेटप्लॅन (नेटवर्कची सेटिंग) पाहा. कार्डाचं नाव ईएनएस१८ असेल तर मशीनचा प्रकार आय४४०एफएक्स होता, ईएनपी६एस१८ असेल तर क्यू३५. हे चुकलं तर मशीन बूट होतं पण नेटवर्क येत नाही, कारण कार्डाचं नाव बदललेलं असतं. जुना मॅक राउटरच्या डीएचसीपी यादीत सापडतो. प्रॉक्समॉक्सने अलीकडे दिलेले मॅक बीसी:२४:११ ने सुरू होतात, ओळखायला सोपे.

विंडोज असेल तर डिस्क पूर्वी ज्या बसवर होती त्यावरच जोडा. साटावरची डिस्क व्हर्टआयओ स्कझीवर लावली की ड्रायव्हर नसल्याने निळा पडदा.

---

कर्वेनगर_११
गुरुवार, रात्री ११:१५

स्नॅपशॉट तिन्ही झाले. कॉन्फ बाहेर आली, २२ ओळी, ओव्हीएमएफ, क्यू३५, दोन्ही स्कझी डिस्क आहेत. क्यूईएमयू-सर्व्हर फोल्डरमध्ये सीपी -पी ने टाकली तर परवानग्या राखता येत नाहीत असं म्हणाला, सीएचमॉडही नाकारलं. फाइल मात्र दिसतेय आणि १०१ यादीत आलं!

सुरू केल्यावर: स्टोरेज 'फोटो' इज नॉट अव्हेलेबल ऑन नोड 'वाडा'.

---

पर्वती_पायथा
गुरुवार, रात्री ११:३०

परवानग्यांचं सोडून द्या. त्या फाइलसिस्टिममध्ये मालक आणि परवानग्या ती स्वतःच ठरवते, बदलू देत नाही. यापुढे साधं सीपी वापरा.

स्टोरेजची चूक त्याच होस्टनेमची. दुसरी एसएसडी तुम्ही नोडच्या 'डिस्क्स' पानावरून थिन पूल म्हणून जोडली असणार. तिथून जोडलं की स्टोरेज.सीएफजीमध्ये 'नोड्स सर्व्हर१' अशी ओळ पडते, म्हणजे हे स्टोरेज फक्त त्या नोडपुरतं. तो नोड आता नाही.

पीव्हीईएसएम सेट फोटो --नोड्स वाडा

मग पीव्हीईएसएम स्टेटस. 'फोटो' समोर ॲक्टिव्ह यायला हवं.

सुरू करण्याआधी कॉन्फ उघडून हे तपासा:

हॅश-क्यूएमडम्प-हॅश ने सुरू होणाऱ्या ओळी काढा. त्या बॅकअपच्या कामाच्या असतात, ठेवल्या तर मशीनच्या टिपणीत दिसत राहतात. आयडीई२ (सीडीच्या जागे) मध्ये जुन्या आयएसओचं नाव असेल आणि ती फाइल तुम्ही उडवली असेल तर मशीन तेवढ्यावरून अडतं. तिथे नन,मीडिया=सीडीरॉम करा. ऑनबूट (आपोआप सुरू होणं) शून्य करा, नेट० च्या ओळीला लिंक_डाउन=१ जोडा. पहिलं बूट नेटवर्कशिवाय झालेलं बरं. घरातले फोन लगेच फोटो चढवायला लागतात आणि तपासणी व्हायच्या आत डेटाबेसमध्ये नव्या नोंदी पडतात.

नंतर क्यूएम डिस्क रीस्कॅन --व्हीएमआयडी १०१. कॉन्फ तीन आठवडे जुनी आहे, मध्ये डिस्क वाढवली असेल तर आकार दुरुस्त होईल. आता तिन्ही डिस्क कॉन्फमध्ये नोंदलेल्या आहेत, त्यामुळे रीस्कॅनने 'अनयूज्ड' काही येऊ नये. आलं तर थांबा आणि इथे लिहा.

---

औंध_रॅक
शुक्रवार, सकाळी ८:०५

रीस्टोअरचं मी घाईने लिहिलं, बॅकअप=नो ची ओळ वाचली नव्हती. पर्वतीचं बरोबर.

एक भर. मशीनवर आधी घेतलेले स्नॅपशॉट असतील तर बॅकअपमधल्या कॉन्फमध्ये त्यांचे विभाग नसतात, बॅकअप घेताना ते वगळले जातात. एलव्हीएसमध्ये स्नॅप_व्हीएम-१०१... असे व्हॉल्यूम दिसतील पण वेबवर स्नॅपशॉटची यादी रिकामी. ते बिघाड नाहीत, फक्त अनाथ आहेत. मशीन नीट चाललं की हाताने काढा.

होस्टनेम बदलल्यावर आणखी दोन गोष्टी राहतात. प्रमाणपत्र जुन्या नावाचं असतं, पीव्हीईसीएम अपडेटसर्ट्स --फोर्स चालवा. आणि बॅकअपच्या वेळापत्रकात नोड निवडलेला असेल तर तो अजून 'सर्व्हर१' आहे. ते काम चालणार नाही आणि कळणारही नाही. डेटासेंटरखालच्या बॅकअपमध्ये जाऊन बघा. तुमचा शेवटचा बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा आहे, नवं होस्टनेम मात्र कालच्या बूटलाच लागू झालं. वेळापत्रक साप्ताहिक असेल तर त्याआधीच काहीतरी अडलेलं होतं, तेही शोधा.

---

कर्वेनगर_११
शुक्रवार, सकाळी ९:२०

सुरू झालं. कन्सोलवर जर्नल रिकव्हरीची ओळ आली, मग लॉगिन. दोन्ही डिस्क माउंट आहेत. पोस्टग्रेसने लॉगमध्ये 'डेटाबेस नीट बंद झाला नव्हता, रिकव्हरी चालू' असं म्हटलं आणि अर्ध्या मिनिटात तयार झाला. कालच्या सकाळपर्यंतचे फोटो दिसतात. लिंक_डाउन काढून नेटवर्क दिलं, पत्ता जुनाच मिळाला.

बॅकअपचं वेळापत्रक 'सर्व्हर१' वरच होतं. त्याआधीचे आठवडे चुकले कारण लोकल स्टोरेज भरलं होतं.

फोटोंच्या डिस्कचा बॅकअप कसा घ्यायचा? ३८० जीबी डेटा आहे.

---

तपकीर_गल्ली
शुक्रवार, सकाळी १०:००

फोटोंच्या डिस्कला बॅकअप=नो ठेवलं तरी चालेल, पण मग मशीनच्या आतून फाइलींचा वेगळा बॅकअप हवाच. एक टीबीची बाहेरची यूएसबी डिस्क आणि रेस्टिक किंवा बोर्ग (बॅकअपचे प्रोग्राम). त्याच्याआधी पीजी_डम्पने डेटाबेस फोटोंच्याच डिस्कवर उतरवा, म्हणजे फोटो आणि त्यांची नोंद एकाच वेळची राहते. वर जो तीन आठवड्यांचा घोळ होणार होता, तो यानेच टळतो.

ती यूएसबी डिस्क प्रॉक्समॉक्सला डिरेक्टरी स्टोरेज म्हणून जोडणार असाल तर 'इझ_माउंटपॉइंट यस' लावा. नाहीतर डिस्क निघालेली असताना बॅकअप प्रॉक्समॉक्सच्या रूटवरच लिहिला जातो, रूट भरतं, आणि रूट भरलं की कॉन्फिग.डीबीतही लिहिता येत नाही.

व्याख्यांचा बॅकअप तर काही केबींचा असतो. रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) टार (फाइलींचं गाठोडं) लावून /ईटीसी/पीव्हीई दुसऱ्या डिस्कवर टाका. प्रॉक्समॉक्सच्या रूट डिस्कची प्रतिमा घेताना /ईटीसी/पीव्हीई त्यात दिसत नाही, तिथे फक्त डीबी फाइल असते. म्हणून टार चालू मशीनवरूनच घ्या.

यूपीएसबद्दल कोणी विचारण्याआधी: मिनी पीसी आणि राउटर मिळून ४०-४५ वॅट. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची एकच बॅटरी असते, नवी असताना अर्धा तास धरा, दोन वर्षांनी दहा मिनिटंही मिळत नाहीत. गुरुवारचा शटडाऊन काही तासांचा, त्यामुळे यूपीएस फक्त नीट बंद होण्यापुरता. स्वस्त मॉडेलांना बहुधा यूएसबी पोर्ट नसतो, मग एनयूटी (यूपीएसचा इशारा ऐकणारा प्रोग्राम) काही करू शकत नाही. त्यावर उपाय: यूपीएसवर नसलेलं, नेहमी चालू असणारं एखादं उपकरण (वायफाय स्मार्ट प्लग चालतो) दर मिनिटाला पिंग करा, सलग पाच वेळा उत्तर नाही आलं तर शटडाऊन. बॅटरी पुण्यात बुधवार पेठेत बदलून मिळते, घेताना तिच्यावरची उत्पादनाची तारीख पाहा, दुकानात वर्षभर पडून राहिलेली नको.

पण इथे दोष विजेचा नव्हता. होस्टनेमचा बदल दोन आठवडे दबा धरून बसला होता, कुठल्याही रीबूटला हेच झालं असतं. असे बदल केले की त्याच संध्याकाळी, समोर बसून, रीबूट करा.

---

पर्वती_पायथा
शुक्रवार, सकाळी १०:४०

क्यूएम सेट १०१ --प्रोटेक्शन १ लावून ठेवा. मग वेबवरून किंवा क्यूएम डिस्ट्रॉयने मशीन आणि डिस्क निघत नाहीत. आरएम ने कॉन्फ उडवण्यापासून मात्र ते वाचवत नाही, त्यासाठी वरचं टार.

राखीव स्नॅपशॉट आठवडाभर ठेवा, नंतर काढा. विसरू नका. मूळ डिस्कवर जसजसं लिहिलं जाईल तसतशी जुन्या ब्लॉकची जागा स्नॅपशॉट धरून ठेवतो आणि पूल हळूहळू भरतो. थिन पूल १०० टक्के झाला की त्यावरच्या सगळ्याच मशीनना लिहिताना चुका येऊ लागतात, १०२ आणि १०३ लाही. तोवर एलव्हीएसमधला डेटा टक्का दोन-तीन दिवसांनी बघत जा, ८० च्या वर गेला तर लगेच काढा.

काढताना पूर्ण नाव लिहा: एलव्हीरिमूव्ह पीव्हीई/राखीव१०१_रूट. एंटर दाबण्याआधी ओळीत 'राखीव' आहे ना ते वाचा, आणि 'हो का?' विचारणारा प्रश्न -वाय लावून टाळू नका.

---

कर्वेनगर_११
शुक्रवार, सकाळी ११:०५

प्रोटेक्शन लावलं, टारचा क्रॉन लावला, वेळापत्रकात नोड बदलून एक बॅकअप हाताने घेतला. पूल ४२ टक्के. पुढच्या शुक्रवारी स्नॅपशॉट काढून इथे कळवतो. तिघांचेही मनापासून आभार, या फोटोंची दुसरी प्रत कुठेही नव्हती.